सड्याची गोधडी : आपल्या भागातली झाडं सुई-दोऱ्याने, रंगाने, हाताने नोंदवणारे कोणी आहेत का?

रानजाई | ३० जून, रात्री ९:४०

आमच्या घरामागे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेची वाट चढून गेलं की सडा लागतो, वरचं सपाट कातळाचं पठार. रत्नागिरी तालुका. उन्हाळ्यात तिथे बघण्यासारखं काही नसतं. काळा पडलेला जांभा, वाळकं गवत आणि डोकं भाजणारं ऊन. जूनमध्ये चार चांगल्या सरी झाल्या की तोच कातळ ओळखू येत नाही. आधी दिपकाडी, मग गेंद, सीतेची आसवं, रानतेरडा, भुईआमरी, कवला. ऑक्टोबर आला की खेळ खल्लास.

लग्न होऊन सतरा वर्षं झाली, दर पावसाळ्यात हे बघते. पण गेल्या वर्षी सड्याच्या पश्चिम टोकाला चिरेखाण सुरू झाली आणि दिपकाडी जिथे सगळ्यात दाट यायची तो तुकडा चौकोनी खड्ड्यात गेला. खाण कोणाची, परवानगी कोणाची ही चर्चा इथे नको, माझा रक्तदाब वाढतो. सांगायचं ते वेगळंच आहे. त्या तुकड्यावर काय काय उगवायचं हे आठवायला बसले तर मला जेमतेम अकरा नावं सांगता आली. सासूबाईंनी तेवीस सांगितली, तीही तांदूळ निवडता निवडता.

म्हणून यंदा सड्याची गोधडी करायला घेतली आहे. आठ बाय आठ इंचाचे सुती चौकोन, एका चौकोनात एक झाड, शक्यतो खऱ्या मापात. सहा पदरी दोऱ्याचा एक किंवा दोन पदर. टाके शाळेत शिकले तेच, साखळी, गहू, काश्मिरी, गाठी. काही झाडं जणू भरतकामासाठीच जन्माला आली आहेत. गेंदाचं फूल म्हणजे गाठी टाक्यांचं बटण, बस. काही मात्र रडवतात. दिपकाडीचं फूल पांढरं, माझं कापड पांढरं. भरलंय की नाही तेच कळत नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पांढऱ्यावर पांढरं कसं करता? आणि आपापल्या भागातली झाडं असंच काहीतरी करून कोणी नोंदवतं का? पहिल्या चार चौकोनांचे फोटो जोडले आहेत. चुका काढा, राग येणार नाही. (येईल, पण सांगणार नाही.)

तिरकस | ३० जून, रात्री १०:१५

गोधडी झकास होणार यात शंका नाही. पण नोंद म्हणाल तर फोन खिशातच आहे. फोटो काढा, जागा आणि तारीख आपोआप चिकटते, ॲपवर टाका, नाव मिळतं. वीस सेकंदांचं काम. त्यासाठी आठ दिवस डोळे फोडायचे?

कापूसकोंडी | ३० जून, रात्री १०:३२

वाचनखूण साठवली! चौथा फोटो दिसत नाहीये.

रानजाई | ३० जून, रात्री १०:५०

चौथा परत जोडला, कळलावी आहे.

तिरकस, फोनमध्ये सड्याचे दोन हजारांच्या वर फोटो आहेत हो. तरीही अकराच नावं आली ना!

करंज | १ जुलै, सकाळी ६:२०

रानजाई ताई, चांगलं काम. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. चुका काढायला सांगितल्यात म्हणून काढतो, सवयच ती.

तुमच्या कळलावीला पाच पाकळ्या आहेत. सहा हव्यात. कळलावी एकदल झाड. अशा झाडांच्या फुलांत बहुधा तीनचा पाढा चालतो, तीन आणि तीन सहा पाकळ्या, सहाच पुंकेसर. तुमची दिपकाडीसुद्धा सहाच पाकळ्यांची. पाच पाकळ्या आपल्या हाताला सवयीच्या असतात. रांगोळीतलं फूल पाचाचं, रुमालावरचं पाचाचं, पोरं वहीच्या कोपऱ्यात काढतात तेही पाचाचं. मनातलं फूल उतरलं, सड्यावरचं राहिलं.

दुसरं, फुलाच्या मधला दांडा तुम्ही सरळ काढला आहे. कळलावीत तो बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जातो. बघाल तर गंमत वाटेल.

पानाचं टोक मात्र शाबास! लांबट पान निमुळतं होत जातं आणि शेवटी टोकच गुंडाळून आधाराला धरतं. मुलं परीक्षेत हे हमखास विसरायची, तुम्ही बरोबर टिपलंत.

पांढऱ्या फुलाबद्दल. चित्रकार पांढरं फूल रंगवतच नाहीत. कागद कोरा ठेवतात आणि मागचं पान गडद करतात. कापडात तसं काही जमेल का, ते तुम्ही जाणा.

तिरकस, तुमचंही चूक नाही. पण लोक फुलाचा जवळून फोटो काढतात आणि मला विचारतात, सर हे काय? पानं समोरासमोर की एकाआड एक, पानाची मागची बाजू कशी, खोडावर लव आहे का, फोटोत काहीच नसतं. चित्र काढणाऱ्याला मात्र पान खोडाला कुठे जोडायचं ते ठरवावंच लागतं, म्हणून तो वाकून बघतो.

निळाई | १ जुलै, सकाळी ७:०५

न्यू जर्सीहून नमस्कार. पांढऱ्याचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी एका आजीबाईंनी देऊन ठेवलंय. मेरी डिलेनी. वयाच्या बहात्तराव्या वर्षी रंगीत कागद कातरून फुलं करायला लागल्या, दहा वर्षांत जवळजवळ हजार केली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सगळी काळ्या पार्श्वभूमीवर! पांढरं फूल काय उठून दिसतं म्हणून सांगू. तुम्हीही दिपकाडीपुरतं काळं कापड घ्या.

रानजाई | ३ जुलै, दुपारी ३:१०

करंजकाका, उसवलं. सगळं उसवलं.

काल पाऊस जरा उघडला तशी छत्री, सहा इंची पट्टी आणि बिघडलेला चौकोन घेऊन गडग्यापाशी गेले. कळलावीपुढे उकिडवी बसून एक-एक पाकळी बोटाने मोजली. सहा. मधला दांडा खरंच बाजूला वळलेला, कोणी मुद्दाम मोडून ठेवल्यासारखा. (नंतर हात साबणाने धुतले. कंद विषारी असतो हे इथल्या पोरांनाही माहीत असतं.)

पण काका, एक चूक तुमच्याही नजरेतून सुटली! मी फूल वर बघणारं काढलं होतं, कमळासारखं. कळलावी खाली बघते. फुलाचं तोंड जमिनीकडे आणि पाकळ्या मात्र उलट्या वळून वर गेलेल्या, वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारख्या. माझी छत्रीही तेव्हा तशीच झाली होती म्हणून एकदम लक्षात आलं. शिवाय एकाच वेलावर तीन रंगांची फुलं होती, कोवळं हिरवट पिवळं, मधलं वर लाल खाली पिवळं, जुनं पूर्ण लालभडक. म्हणजे चौकोनात एक फूल दाखवून भागत नाही. आता तीन भरते आहे.

काळं कापड सासूबाईंनी हाणून पाडलं. गोधडीत काळं नको म्हणजे नको. शेवटी मुलीच्या जुन्या गणवेशाचा गडद निळा स्कर्ट फाडला. टेरिकॉट असल्याने सुई जड जाते, पण दिपकाडी दिसायला लागली. न्यू जर्सीच्या ताईंना आणि त्या डिलेनीआजींना धन्यवाद.

करंज | ३ जुलै, सायं. ६:००

सपशेल कबूल. तुमच्या चौकोनात मी पाकळ्या मोजल्या, फूल कुठे बघतंय ते पाहिलंच नाही. चाळीस वर्षांची मोजायची सवय.

पेडण्याचो बाबलो | ५ जुलै, रात्री ११:२५

मी गोव्याचा, मराठी जरा आमच्या वळणाची येईल, सांभाळून घ्या.

आमची नोंदवही वर्षातून एकदा छताला टांगलेली असते. माटोळी. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधतात आणि तिला नारळ, सुपारीचं शिपटं, आंबाडे, तोरिंगं, चिबूड आणि रानातली फळं-फुलं टांगतात. कांगल या रानवेलाचे पिवळे-केशरी घोस तर पाहिजेतच, त्याशिवाय माटोळी भरल्यासारखी वाटत नाही. माझा आजा चवथीच्या आधी आठ दिवस रानात जायचा. कुठल्या व्हाळाकडे (ओढ्याकडे) काय मिळतं, कुठलं आज काढलं तर चवथीपर्यंत टिकतं आणि कुठलं आदल्या दिवशीच काढायचं, सगळं डोक्यात. लिहिलेलं काही नाही.

आता बहुतेक घरांत माटोळीचं सामान बाजारातून येतं. सरकारच्या कला आणि संस्कृती खात्याची माटोळीची स्पर्धा असते. लोक शेकडो जिन्नस लावतात, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी, मधोमध फळांनी केलेलं चित्र. शिकायला चांगलं, माझी मुलं तिथेच नावं शिकली. पण स्पर्धा म्हटली की दुसऱ्याकडे नाही ते आपल्याकडे पाहिजे, मग रानात जे दोनच उरलंय त्यातलं एक तोडून आणतात. माझा आजा घोस काढायचा, वेल कधी ओढायचा नाही.

रानजाई, तुमच्याकडे टाकळा तो आमच्याकडे तायकिळो. करटोली ती फागलां. चौकोनावर नाव घालणार असाल तर दोन्ही घाला म्हणतो मी.

केतकी०७ | ६ जुलै, सकाळी ११:००

माटोळीचं माहीत नव्हतं, मस्त. आमच्याकडे गणपतीच्या एकवीस पत्रीतल्या दुर्वा, आघाडा आणि बेल सोडून एकही पान आता कोणी ओळखत नाही. पुडीत येतं, वाहतो. मी अकरावी-बारावीत केलेली वाळवलेल्या पानांची वही परवा माळ्यावर सापडली. कसरीने चाळण केली आहे. पानं गेली, नावांच्या चिठ्ठ्या शिल्लक!

करंज | ६ जुलै, दुपारी १२:४०

केतकी, कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात पानं वाळवणं म्हणजे बुरशीशी कुस्ती. वर्तमानपत्रांत दाबून ठेवायचं आणि पहिला आठवडा रोज कागद बदलायचा. आज बदलतो, उद्या बदलतो केलं की संपलं. फार ओल असेल तर वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी.

तुमच्या चिठ्ठीवर तारीख आणि जागा लिहिलेली असेल तर ती फेकू नका. वाळल्यावर फुलाचा रंग जातो, वास जातो, झाडाची उंची तर कागदावर मावतच नाही. म्हणून चिठ्ठीवर हे सगळं त्या दिवशीच लिहायचं असतं.

रानजाई ताई, तुमच्या चौकोनांना चिठ्ठी कुठे आहे?

रानजाई | ६ जुलै, दुपारी २:०५

मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहिते. अस्तर लागलं की झाकलं जाणार, तेवढं खरं.

करंज | ६ जुलै, रात्री ९:१५

मग पुढच्या बाजूला दोऱ्याने लिहा. आणि खाली स्वतःचं नावही घाला. का म्हणतो ते जरा लांबण लावून सांगतो.

पुण्याजवळ दापोडी आहे, लोकल थांबते ती. इंग्रजांच्या कागदांत दापुरी. एकोणिसाव्या शतकात तिथे सरकारी वनस्पती उद्यान होतं आणि अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर ते बघायचा. त्याने १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं करून घेतली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. मी छापील प्रतिमाच पाहिल्या आहेत, पण पानाची शीर न् शीर मोजून घ्यावी असं काम.

चित्रकार कोण? पोर्तुगीज वळणाचा, बहुधा गोव्याकडचा माणूस, एवढंच माहीत आहे. नाव नाही. झाडांची नावं आहेत, साहेबाचं आहे, ज्याने तीन वर्षं डोळे घातले त्याचं नाही.

त्याच सुमाराला मद्रासेकडे रॉबर्ट वाइट नावाचा दुसरा स्कॉटिश डॉक्टर तेलुगू चित्रकारांकडून झाडं काढून घेत होता. रुंगिया आणि गोविंदू. त्यांची नावं त्याने छापली, इतकंच नव्हे, आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, एका प्रजातीला गोविंदूचं नाव दिलं. दोन्हीकडे काम तितकंच नेटकं. एकीकडे आपण नावाने बोलतो, दुसरीकडे 'अज्ञात'.

पेडण्याचो बाबलो | ६ जुलै, रात्री ९:४०

नाव लिहायला विसरला म्हणजे नक्की आमच्या गावचा.

रानजाई | ७ जुलै, सकाळी ८:३०

गोधडीवर सही कोणी करतं का हो काका? माझ्या आजीने पन्नासेक शिवल्या असतील, एकीवर नाव नाही. ज्या घरात पांघरायची तिथे सगळ्यांना माहीतच असतं. बघते. झाडाचं नाव, तारीख आणि जागा दोऱ्याने घालायला मात्र आजपासून सुरुवात.

कापूसकोंडी | १८ जुलै, दुपारी १:१५

मी पानांचे ठसे कापडावर वाफेने उतरवते, सगळे इको-प्रिंट म्हणतात ते. रानजाईंना गोधडीच्या कडांसाठी उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

सुती कापड आधी खळ जाईपर्यंत धुवायचं. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, त्यावर तुरटीचं पाणी. पानं पसरायची, मागची बाजू कापडाला लागेल अशी, कारण शिरा तिकडे उठावदार असतात. पाइपवर घट्ट गुंडाळून दोऱ्याने करकचून बांधायचं आणि दीड-दोन तास वाफ द्यायची. घट्ट म्हणजे खरंच घट्ट, सैल राहिलं की नुसता डाग. गंजक्या खिळ्यांचं पाणी केलं तर हिरडा त्याच्याशी मिळून काळपट राखाडी रेघ येते.

सागाचं कोवळं पान घेऊन बघा, जांभळं-लालसर उतरतं. हातावर चोळलं तरी लाल होतं, ते लहानपणी सगळ्यांनी केलेलं असतं. हळदीच्या नादी लागू नका, उन्हात उडते. भांडं स्वयंपाकाचं वापरू नका. आणि कण्हेर, कळलावी असलं काही वाफेवर ठेवू नका.

नोंद म्हणून बघाल तर पान अगदी खऱ्या मापात, खऱ्या शिरांसकट मिळतं. पण सुटं पान. फांदीवर ते कसं बसलं होतं ते नाहीच.

निळाई | १९ जुलै, सकाळी ६:५०

माझं नेमकं उलटं. सगळं झाड मिळतं, शिरा नाहीत, नुसती सावली.

सायनोटाइप करते. लोहाचे दोन क्षार पाण्यात कालवून कागदाला लावायचे, अंधारात वाळवायचा, वर रोप ठेवून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं. नंतर साध्या पाण्याने धुतलं की सगळं निळं आणि रोप पांढरं. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलं. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने ब्रिटनमधल्या समुद्रशैवालांचं पुस्तक याच पद्धतीने काढायला घेतलं. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते. गंमत म्हणजे तिने नावांच्या चिठ्ठ्याही हाताने लिहून तशाच निळ्यात उतरवल्या.

मी इथली परसातली झाडं करते, मिल्कवीड, गोल्डनरॉड. बारा वर्षं इथे राहून मला त्यांची नावं माहीत नव्हती. तुळस आणि कढीपत्ता कुंडीत जगवायच्या नादात बाहेर बघितलंच नाही.

रानजाई, कापडावरही होतं, पण गोधडीत वापरू नका. साबण-सोडा लागला की निळं पिवळट पडतं. तुम्ही गोधडी धुणार ना?

रानजाई | १९ जुलै, दुपारी ४:२०

धुण्याचं नावच काढू नका. गेल्या आठवड्यात तेच झालं. बाजारातून स्वस्तातल्या लाल दोऱ्याच्या लडी आणल्या होत्या, दुकानदार म्हणाला पक्का रंग. कळलावीचा चौकोन, तोच, दुसऱ्यांदा भरलेला, चिखल लागला म्हणून पाण्यात घातला आणि सगळा गुलाबी. तिसऱ्यांदा भरते आहे. आता घरात कुठलीही लडी आली की ओली करून पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून ठेवते. सकाळी फडकं पांढरं असेल तरच पेटीत.

कळलावी आता मला झोपेत भरता येईल. सहा पाकळ्या, तोंड खाली, दांडा बाजूला.

मोहाचं झाड | २ ऑगस्ट, रात्री ८:४५

उशिरा आलो. पालघर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. गेल्या वर्षी वर्गाच्या भिंतीवर मुलांकडून गावातली झाडं काढून घेतली. गेरूवर तांदळाच्या पिठाने, घरी बघतात तशीच. मी शहरातून आलेला, मला वाटायचं वारली चित्रातलं झाड म्हणजे झाड, सगळी सारखी. दुसरीतल्या मुलीने मला वेड्यात काढलं. 'गुरुजी, ही शिंदी हाय, हा ताड.' एकीच्या खोडाला खाचा, झावळीला काटे. दुसऱ्याचं पान पंख्यासारखं. चार रेघांत फरक होता, मला दिसत नव्हता.

करंजसर, तुमच्या हिशोबाने ही नोंद धराल का? पाकळ्या-पुंकेसर काही नाही.

करंज | ३ ऑगस्ट, सकाळी ६:१०

गुरुजी, दुसरीतल्या पोरीने शिंदी आणि ताड वेगळे ओळखता येतील असे काढले, म्हणजे ओळखीचं काम झालं. पुंकेसर मोजायला मी आहे. भिंतीच्या कोपऱ्यात वर्ष आणि मुलांची नावं लिहा तेवढी.

एक मात्र खटकतं, बोलून टाकतो. हल्ली पिशव्या-कपांवर जी वारली झाडं असतात, ती कुठल्याच गावची नसतात. त्यांना मी नोंद म्हणणार नाही.

तिरकस | ३ ऑगस्ट, रात्री १०:०५

मी अजून फोटोवाल्यांतच आहे. पण काल लोहगडावर गेलो होतो तेव्हा तेरड्याच्या पाकळ्या मोजायला बसलो. मोजता येत नाहीत हो! कुठली पाकळी कुठे सुरू होते तेच कळत नाही आणि मागे एक शेपूट. सोबतची मंडळी पुढे निघून गेली.

करंज | ४ ऑगस्ट, सकाळी ६:०५

तिरकस, तेरड्यात भल्याभल्यांची विकेट जाते. बाजूच्या पाकळ्या दोन-दोन जुळलेल्या असतात. पाच मानायच्या, दिसतात तीन. शेपटीत मध असतो. चांगलं फूल निवडलंत.

रानजाई | २६ ऑगस्ट, रात्री ९:३०

सीतेच्या आसवांनी माझा घाम काढला. बोटभर उंचीचं रोप, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढं जांभळं फूल. खऱ्या मापात भरायचं म्हटलं तर एका पदराचा दोराही जाडा वाटतो. शेवटी एकच रोप न भरता दाटी भरली, कारण सड्यावरही ती एकेकटी नसतातच, ओल्या कातळावर जांभळा हात फिरवल्यासारखी असतात. कोपऱ्यात एक फूल चौपट मोठं केलं आणि बाजूला '४ पट' असं लिहिलं. काका, चालेल ना?

मुळाशी बारीक फुगे असतात, त्यांत कीटक अडकवतात म्हणे. ते बघायला एक रोप उपटावं लागलं असतं. खाणीकडच्या बाजूला यंदा फार कमी आली आहेत, म्हणून नाही उपटलं. मुळाची जागा कोरी सोडली आहे.

करंज | २७ ऑगस्ट, सकाळी ६:३०

चालेल काय, पळेल. मोठं काढलं तर किती पट ते लिहायचं हा शास्त्राचाच नियम आहे. आणि न पाहिलेलं मूळ पुस्तकातून उतरवलं नाहीत, हे सगळ्यात आवडलं.

रानजाई | १९ ऑक्टोबर, रात्री ८:१५

सडा पिवळा पडला. चौकोन एकतीस झाले. ठरवले होते चाळीस.

त्यातल्या पाचांना नाव नव्हतं. काकांना फोटो पाठवले होते, पैकी दोन त्यांनी सांगितली, तीन गवतांना फूल यायला हवं होतं म्हणाले. सासूबाईंना विचारलं तर एकाला बघून म्हणाल्या, "अगो, हे गुरं तोंड लावत नाहीत ते." नाव विचारलं तर म्हणे, हेच. मग त्या चौकोनावर तसंच भरलं, 'गुरं तोंड लावत नाहीत ते, ९ सप्टेंबर, विहिरीच्या वरचा कातळ'. बाबलोंच्या सांगण्यावरून टाकळ्याच्या चौकोनावर तायकिळोही घातला.

एक चौकोन कोराच जोडणार आहे, नाव-तारखेसकट. पांढरी भुईआमरी. जुलैअखेर वाटेवर एकच दिसली, दोरा आणायला शहरात जाईपर्यंत चार दिवस गेले आणि परत गेले तर गुरांच्या खुराखाली गेलेली. फोटो आहे माझ्याकडे. तिरकस, फोटोवरून भरायला बसले होते, खरंच. पान खोडाला कुठे चिकटतं ते फोटोत दिसत नाही.

आणि हो, सही. खाली उजव्या कोपऱ्यात दोन नावं घातली आहेत, एक भरणारीचं, एक सांगणारीचं. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, माझ्या नावातला ऱ्हस्व इकार दीर्घ झालाय. उसवते आहे.

कापूसकोंडी | १९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

कमाल! अस्तराला काय घेणार?

रानजाई | १९ ऑक्टोबर, रात्री ८:५५

त्यांचंच एक जुनं लुगडं आहे, हिरवं, धुऊन धुऊन मऊसूत झालेलं. वाळत घातलंय.